गुन्हा दाखल करून घेण्यास टाळाटाळ : पोलिसांचे उत्तरदायित्व नेमके कोठे ठरते?

शमीवृक्ष

पोलिसांच्या उत्तरदायित्वाची चर्चा आपल्याकडे बहुधा चकमक, कोठडीतील मृत्यू किंवा एखाद्या आयुक्तांची तडकाफडकी बदली अशा निमित्तानेच होते. सर्वसामान्य माणसाचा संबंध येतो तो मात्र ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी, आणि पोलीस कोणाला व कशाबद्दल उत्तर देणार याचा निम्माअधिक निर्णय त्या टेबलावरच होऊन जातो, असे माझे मत होत चालले आहे. जाणकारांनी त्यावर लिहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

निमित्त घरातलेच आहे. माझ्या मावसभावाच्या हातातून दुचाकीवरून आलेल्या दोघांनी बसथांब्यावर मोबाईल हिसकावून नेला. तो तासाभरात पोलीस ठाण्यात पोहोचला. अंमलदारांनी बसायला खुर्ची दिली, विचारपूस केली, कोणत्या दिशेने पळाले तेही विचारले. पण सही करायला जो कागद पुढे आला त्यावर मोबाईल ‘गर्दीत कोठेतरी पडून गहाळ झाला’ असे लिहिलेले होते. हिसकावला असे लिहा, असा आग्रह धरल्यावर ‘मग कोर्टाच्या तारखा तुम्हालाच कराव्या लागतील, सिमकार्ड तर या दाखल्यावरही मिळेल’ असा सल्ला मिळाला. त्याने सही केली आणि तो घरी आला. पुढे विमा कंपनीने गहाळ मालमत्तेच्या दाखल्यावर भरपाई नाकारली, तेव्हा त्या एका ओळीची किंमत कळली.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ नुसार अशी हिसकावणी हा आता स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र (म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलीस तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. म्हणजे कायदा संदिग्ध नाही. असे असताना एक सभ्य, बोलायला चांगला अंमलदारदेखील गुन्ह्याचे ‘गहाळ’ का करतो, आणि ते होऊ नये म्हणून त्या क्षणी नागरिकाने काय करावे, हे दोन प्रश्न माझ्यापुढे आहेत. या टेबलावर जी घटना कागदावर येतच नाही, तिच्याबद्दल पुढे कोणताही आयोग, कोणतेही प्राधिकरण पोलिसांना जाब विचारूच शकत नाही.

निवृत्त_अंमलदार

शमीवृक्ष, आपण ज्या खुर्चीविषयी लिहिले आहे त्या खुर्चीवर मी बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आतल्या बाजूने देतो. हे समर्थन समजू नये.

अंमलदार स्वतःच्या लहरीने गुन्हा ‘गहाळ’ करत नाही. दर महिन्याला अधीक्षक किंवा उपायुक्त गुन्हे आढावा बैठक घेतात. तेथे प्रत्येक ठाण्याचा तुलनात्मक तक्ता पुढे असतो : मागील वर्षी याच महिन्यात किती गुन्हे दाखल, यंदा किती, उघड किती, शिल्लक किती, निर्गती किती. ज्या ठाण्याचा जबरी चोरीचा आकडा वाढलेला दिसतो त्या ठाण्याच्या प्रभारीला सर्वांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागते. ज्या ठाण्यात हिसकावणीचे गुन्हे लिहूनच घेतले गेले नाहीत, त्याचा तक्ता स्वच्छ दिसतो आणि बैठकीत त्याला कोणी विचारत नाही. बैठकीहून परतलेला प्रभारी अधिकारी अंमलदाराला लेखी आदेश कधीच देत नाही. ‘जरा बघून घेत जा’ एवढेच म्हणतो. त्याचा अर्थ नवीन लागलेल्या शिपायालाही समजतो.

याची दुसरी बाजू विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत आहे. वार्षिक आकडेवारी आली की दाखल गुन्ह्यांची संख्या वाढल्याचा अर्थ सरसकट गुन्हेगारी वाढली असा लावला जातो. वास्तविक एखाद्या जिल्ह्यात नोंद प्रामाणिकपणे होऊ लागली तर आकडा वाढायलाच हवा. पण हे सभागृहात समजावून सांगण्याची तयारी कोणत्याही पक्षाच्या गृहमंत्र्यांची असल्याचे मी पाहिलेले नाही. त्यामुळे आकडा दाबण्याची प्रेरणा वरून खाली येते आणि नागरिकाशी गाठ पडते ती सर्वांत खालच्या माणसाची.

तिसरे कारण मनुष्यबळाचे. प्रत्येक दाखल गुन्ह्यामागे घटनास्थळ पंचनामा, पंचांची जुळवाजुळव, जबाब, मुद्देमाल, तांत्रिक माहितीसाठी पत्रव्यवहार आणि शेवटी दोषारोपपत्र किंवा समरी (तपास बंद करण्याचा अहवाल) असे काम असते. एका तपासी अंमलदाराकडे आधीचाच गठ्ठा असतो आणि त्यात सणांचा बंदोबस्त. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तो एका शिपायानेच मांडलेल्या आराखड्यावरून आणि तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो उचलून धरला म्हणून. तोपर्यंत बारा तासांची ड्यूटी हीच रीत होती आणि बंदोबस्ताच्या दिवशी तीही मर्यादा राहत नसे. थकलेला माणूस कमी लिहितो, हे मी माझ्या हाताने अनुभवले आहे.

आता एक गोष्ट तपासकामाची, जी फिर्यादींना सहसा सांगितली जात नाही. गुन्हा खरा पण आरोपी मिळत नाही, अशा वेळी आमच्याकडे ‘अ’ समरीची तरतूद आहे. ‘ब’ म्हणजे खोटी तक्रार आणि ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. ‘अ’ समरी पाठवण्यात पोलिसांची कोणतीही बदनामी नाही. तरीही ‘गहाळ’ हा रस्ता निवडला जातो, कारण समरीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे लागते, फिर्यादीला नोटीस जाते आणि तो हरकत घेऊ शकतो. गहाळचा दाखला कोणापुढेच जात नाही.

कोर्टकचेरी

वरील प्रतिसादातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. मी तालुका न्यायालयात वकिली करते आणि शमीवृक्ष यांच्या दुसऱ्या प्रश्नापुरते लिहिते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या कलम १५४ चे काम आता कलम १७३ करते. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, खबर घेतलीच पाहिजे. ‘आमची हद्द नाही’ हे कारण चालत नाही. खबर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदवलेली खबर वाचून दाखवणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. प्रथम खबर अहवाल (एफआयआर) २४ तासांत संकेतस्थळावर चढवावा, संवेदनशील गुन्हे तेवढे वगळावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१६ चा आदेश आहे. आपला अहवाल खरोखर नोंदला गेला आहे का, हे त्यामुळे घरबसल्या पडताळता येते.

ठाण्यात नकार मिळाला तर तक्रारीचा सारांश लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांकडे पाठवावा आणि तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे, हा क्रम आता कलम १७३ मध्येच स्पष्ट लिहिलेला आहे. कलम १७५ खाली अर्ज करताना प्रतिज्ञापत्र जोडावे लागते आणि आदेश देण्यापूर्वी न्यायालय पोलिसांचे म्हणणेही विचारात घेते. म्हणून अधीक्षकांकडे पाठवलेल्या अर्जाची पोच नसेल तर न्यायालयातील पहिलाच प्रश्न आपल्याला अडचणीत आणतो. आमच्याकडे येणाऱ्या दहांतील बरेच पक्षकार ‘ठाण्यात चार वेळा जाऊन आलो’ असे सांगतात आणि त्या चार वेळांचा एकही कागद त्यांच्याजवळ नसतो.

नव्या संहितेत एक पळवाटही आहे, तिच्याविषयी सावध राहावे. ज्या गुन्ह्याची शिक्षा ३ वर्षे किंवा अधिक पण ७ वर्षांपेक्षा कमी आहे, त्यात गुन्हा दाखल करण्याआधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा कलम १७३(३) देते. हिसकावणी नेमकी याच पट्ट्यात बसते. परंतु त्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ‘अर्ज चौकशीवर आहे’ असे उत्तर मिळाले की परवानगी कोणी व कोणत्या तारखेला दिली, हे लेखी विचारावे. बहुतेक वेळा परवानगी घेतलेलीच नसते आणि हा प्रश्न विचारल्यावर गाडी पुढे सरकते.

साध्या चोरीतही एक मेख आहे. चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर नव्या अनुसूचीप्रमाणे तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. त्यामुळे फिर्यादीत वस्तूची किंमत अंदाजाने कमी सांगू नये. बिल असेल तर सोबत न्यावे.

ललिता कुमारी निकालाचा एक भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो, तोच नेहमी विसरला जातो. दखलपात्र गुन्ह्याविषयीची प्रत्येक माहिती, तिच्यावरून गुन्हा दाखल होवो वा चौकशी, स्टेशन डायरीत (ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीत) बारकाईने उतरलीच पाहिजे आणि प्राथमिक चौकशी करण्याचा निर्णयही तेथेच नमूद झाला पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. म्हणून ठाण्यातून बाहेर पडण्यापूर्वी ‘स्टेशन डायरीत कोणत्या नोंद क्रमांकाला घेतले?’ असे शांतपणे विचारावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बारनिशीचा (टपाल नोंदवहीचा) आवक क्रमांक, तारीख, वेळ व शिक्का घ्यावा.

तिरकस

कलमे वाचून बरे वाटले. आमच्या भागात याहून सोपी पद्धत आहे : नगरसेवकाला किंवा आमदाराच्या स्वीय सहायकाला फोन लावावा, दहा मिनिटांत फिर्याद लिहून घेतली जाते आणि वर चहाही मिळतो. कायद्याची ही सारी शिडी चढायला पगारदार माणसाला रजा कोठून मिळणार? आणि प्रभारी अधिकारी तरी काय करील? ज्याच्या शिफारशीने तो त्या ठाण्यात आला त्याचेच तो ऐकणार.

निवृत्त_अंमलदार

तिरकस, आपण वर्णन केले ते खोटे नाही. मात्र ज्या फोनने आपली फिर्याद लिहिली जाते, त्याच फोनने समोरच्याची दाबलीही जाते, आणि दोन्ही वेळा स्टेशन डायरीत त्या फोनचा उल्लेख नसतो.

शिफारशीच्या मुद्द्यावर कायदा झालेला आहे. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या १९९६ च्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले, त्यांत ठाणे प्रभारीला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ आणि बदल्यांसाठी पोलिसांचेच आस्थापना मंडळ हे दोन होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कलम २२न घातले : निरीक्षक, सहायक निरीक्षक व उपनिरीक्षकांना एका ठाण्यात दोन वर्षे, शिपाई-हवालदारांना एका ठिकाणी पाच वर्षे. अपवादात्मक परिस्थितीत, लोकहितार्थ किंवा प्रशासकीय निकडीमुळे मुदतपूर्व बदलीची सोय ठेवली. ही निकड किती वेळा उद्भवते ते गॅझेट वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. तरीही कलम २२न मुळे एवढे झाले की मुदतीआधी हलवलेला अधिकारी न्यायाधिकरणात जाऊन ‘निकड दाखवा’ असे म्हणू शकतो, आणि काहींनी तसे करून बदल्या रद्द करून आणल्या आहेत.

कोर्टकचेरी

‘पोच घ्या, क्रमांक घ्या’ हा सल्ला कारकुनी वाटेल, म्हणून मुंबईतलेच एक प्रकरण सांगते, ज्यात केवळ वेळेवर पाठवलेल्या कागदांनी सारे चित्र पालटले.

११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला त्याच्या मित्रासह वाशी येथून उचलण्यात आले आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ चकमकीत तो ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. पोलिसांची फिर्याद ठरावीक साच्याची होती : खबर मिळाली, सापळा लावला, शरण येण्यास सांगितले, त्याने गोळी झाडली, स्वसंरक्षणार्थ उत्तर दिले. त्याचा भाऊ वकील. आपल्या भावाला उचलल्याचे कळताच, चकमकीची बातमी येण्यापूर्वीच, त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. त्या तारांवर तारखात्याची वेळ होती. पोलिसांच्या कथेनुसार जो माणूस संध्याकाळी स्वतःहून वर्सोव्याला येणार होता, तो दुपारीच पोलिसांच्या ताब्यात असल्याचे सांगणारा कागद सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या शिक्क्यानिशी उपलब्ध झाला. कोणत्याही ठाण्याला तो फाडता आला नसता, की त्यावरची वेळ बदलता आली नसती.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००९ मध्ये विशेष पथक नेमले गेले आणि मगच पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. लखनभैयासोबत उचललेला मित्र हा प्रमुख साक्षीदार होता. तो साक्षीपूर्वीच २०११ मध्ये बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. साक्षीदार गेला, तारा मात्र उरल्या. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांच्या शिक्षा कायम ठेवल्या आणि सत्र न्यायालयाने सोडलेले माजी अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली.

चकमकींबाबत आज जे नियम आहेत तेही मुंबईतूनच आले. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबईतील ९९ चकमकी आणि त्यांत मारले गेलेले १३५ जण यांसंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांतील पहिलेच तत्त्व असे की गुन्हेगाराविषयी मिळालेली गुप्त खबर आधी कोठेतरी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदलेली असावी. आणि तपास त्याच ठाण्याकडे न ठेवता राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्यावा.

वैनगंगाकाठ

वाचते आहे आणि पटते आहे, परंतु चर्चा मुंबई-पुण्याभोवतीच फिरत आहे. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळच्या देसाईगंज ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडले. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्काराचा वेगळा गुन्हा कायद्यात आला. कायदा देशाला मिळाला. आमच्याकडच्या मुलीला आजही फिर्याद द्यायला ठाण्यात जाताना गावचा पोलीस पाटील सोबत लागतो, हेही खरे.

पोलीस तक्रार प्राधिकरणाचा विषय कोणी काढला नाही म्हणून मी काढते. प्रकाश सिंह निकालात न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर प्राधिकरण सांगितले होते, जिल्हा पातळीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत कलम २२प खाली राज्य प्राधिकरण आले, पण जिल्ह्याच्या जागी महसूल विभाग आला. जिल्हे ३६ आणि विभाग ६. सिरोंच्याच्या माणसाने नागपूर गाठायचे तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, मध्ये मुक्काम आणि मजुरी बुडालेली, आणि तेही एका सुनावणीसाठी. कोकणात सावंतवाडीकडच्या माणसाची याहून वेगळी गत असेल असे वाटत नाही. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, लाच, जमीन किंवा घर बळकावणे असे विषय प्राधिकरणाच्या कक्षेत आहेत आणि पीडिताचा नातेवाईकही तक्रार करू शकतो. विषयांची यादी उत्तम आहे, फक्त दार फार लांब आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात महिन्यातून एकदा जरी प्राधिकरण बसले तरी फरक पडेल.

त्यामानाने मला ११२ क्रमांकाचा उपयोग अधिक झालेला दिसतो. पूर्वीचा १०० नंबर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात वाजायचा आणि तेथेच विरायचा. ११२ चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो, संभाषण ध्वनिमुद्रित होते, घटना वेळेसह नोंदली जाऊन जवळच्या गाडीतल्या यंत्रावर जाते आणि ती बंद करताना काय केले ते भरावे लागते. म्हणजे ठाण्याने लिहिले नाही तरी आपण मदत मागितल्याचा पुरावा ठाण्याबाहेर तयार झालेला असतो. आमच्या बचतगटातील बायकांना मी आधी ११२ लावा आणि मग ठाण्यात जा, असेच सांगते. दारू पिऊन मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या एका प्रकरणात ‘अशी कोणती तक्रार आलीच नव्हती’ हे ठाण्याचे उत्तर त्या नोंदीमुळे टिकले नाही. अर्थात मोबाईलला रेंज असेल तर. भामरागडच्या पुढे तो प्रश्न आहेच.

लीड्सकर

येथे इंग्लंडमध्ये २०१८ पासून ‘इंडिपेंडंट ऑफिस फॉर पोलीस कंडक्ट’ ही संस्था आहे. पोलिसांशी संबंध आल्यानंतर कोणाचाही मृत्यू झाला तर ते प्रकरण पोलीस दलाने तिच्याकडे कळवणे अनिवार्य असते आणि तिच्याकडे स्वतःचे तपासी कर्मचारी आहेत. येथेही विलंबाच्या तक्रारी भरपूर आहेत, तेव्हा फार हुरळून जाण्याचे कारण नाही. परंतु तक्रार कोणाविरुद्ध आहे त्याच्याच सहकाऱ्याने तपास करायचा नाही, एवढे तत्त्व तरी गंभीर प्रकरणांत पाळले जाते. आपल्याकडील प्राधिकरणाच्या हाती स्वतःचा तपास विभाग आहे का?

कोर्टकचेरी

लीड्सकर, चौकशीचे अधिकार कागदोपत्री पुष्कळ आहेत. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे हे सारे दिवाणी न्यायालयाप्रमाणे. पण पुरावा गोळा करायला शेवटी पोलीस खात्याकडूनच माणसे आणि कागद मागावे लागतात आणि मूळ नोंदच नसली की ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर प्राधिकरणालाही मिळते.

अलीकडची दोन उदाहरणे पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींच्या प्रकरणात पालकांना फिर्याद नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन् तास थांबवून ठेवल्याचा आरोप झाला, लोक रेल्वेरुळांवर उतरले, तीन पोलिसांचे निलंबन झाले आणि उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये अटकेनंतर न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात आधी गुन्हा तरी दाखल व्हावा यासाठी आईला औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने तसा आदेश दिला आणि राज्य सरकारचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. एका बाजूला मोबाईल, दुसऱ्या बाजूला माणसाचा जीव, आणि दोन्हीकडे भांडण पहिल्या कागदासाठीच.

शमीवृक्ष

वैनगंगाकाठ, ११२ चा मुद्दा मला सुचला नव्हता, आभार. मावसभावाने आता अधीक्षकांकडे पोच देय टपालाने अर्ज पाठवला असून त्यात हिसकावणीचा स्पष्ट उल्लेख, मोबाईलचे बिल आणि गहाळच्या दाखल्यावरील मजकूर आपण सांगितलेला नाही हे निवेदन जोडले आहे. त्या दिवशी ठाण्यात तो काय बोलला हे सिद्ध करण्यासाठी ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण मागता येईल का? आणि किती दिवसांत मागावे?

निवृत्त_अंमलदार

मागता येते, आणि लगेच मागावे. परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, स्वागत कक्ष, अधिकाऱ्यांच्या खोल्या येथे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्यास सांगितले. चित्रण १८ महिने ठेवावे आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान वर्षभर, असा आदेश आहे. जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. कॅमेरा बंद पडला तर प्रभारी अधिकाऱ्याने तिला कळवायचे असते.

प्रत्यक्षात काय होते तेही सांगतो. नेमक्या हव्या त्या दिवशी कॅमेरा ‘तांत्रिक कारणास्तव’ बंद असतो, किंवा चित्रण असते पण आवाज नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील कोठडीमृत्यूंच्या बातमीवरून याच बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली, यावरून परिस्थिती लक्षात यावी. म्हणून अर्जात फक्त चित्रण मागू नका. ‘अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेचे, ठाणे अंमलदार कक्षातील चित्रण जतन करावे, कॅमेरा बंद असल्यास तसा अहवाल देखरेख समितीला कोणत्या दिनांकास पाठवला त्याची प्रत द्यावी’ असे लिहा. अहवाल पाठवलेला असेल तर समितीच्या बैठकीत त्याची चौकशी होते, आणि पाठवलेला नसेल तर ती प्रभारी अधिकाऱ्याची स्वतंत्र चूक ठरते. माहिती अधिकारात हाच मजकूर वेगळ्या अर्जाने टाका. ‘तपास सुरू आहे’ म्हणून नकार आला तर माहिती दिल्याने तपासाला नेमकी कोणती बाधा पोहोचते हे विचारून अपील करा. कलम ८(१)(ज) चा केवळ उल्लेख पुरेसा नसतो.

तिरकस

आवाज नसलेल्या चित्रणात खुर्ची आणि चहा तेवढा दिसेल, आणि पोलीस किती सौजन्याने वागले याचा तो उत्तम पुरावा ठरेल.

कोर्टकचेरी

तिरकस, चित्रणात मावसभाऊ किती वाजता आत आला, किती वेळ बसला आणि किती वाजता बाहेर पडला एवढे दिसले तरी मला पुरेल. गहाळचा दाखला पाच मिनिटांत मिळतो. कोणी दीड तास बसला असेल तर त्या वेळात काय चालले होते, हे सांगण्याची जबाबदारी ठाण्यावर येते.

मुदतींविषयी तेवढे लिहून ठेवते, कारण त्या चुकल्या की चांगले प्रकरणही जाते. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते आणि तेथे शुल्क नाही. पोलिसांनी कर्तव्याच्या आवरणाखाली केलेल्या कृत्याबद्दल दावा किंवा खटला भरायचा असल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ सहा महिन्यांची आडकाठी पुढे करते. शासनाच्या मंजुरीने खटल्यासाठी ती मुदत दोन वर्षांपर्यंत जाते. मारहाण किंवा खोटी नोंद हे ‘कर्तव्य’ आहे का, यावर वाद घालता येतो आणि आम्ही तो घालतोच, पण सहा महिन्यांच्या आत आलेल्या पक्षकाराला तो घालावा लागत नाही. शमीवृक्ष, अधीक्षकांकडील टपालाची पोच परत आली की तिच्यावरील तारखेपासून १४ दिवस मोजा; पंधराव्या दिवशी काही उत्तर नसेल तर प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी पाहून देईन.